फलकावरील मजकूर दुरुस्त होईल असा ठेवा

भीमा, मुळा-मुठा व घोड या नद्यांच्या पाण्यावर दौंड व शिरूर तालुक्यांत उसाची मोठी लागवड होते. राहू, पारगाव, नानगाव, मांडवगण फराटा या बाजूस जाताना रस्त्याच्या दुतर्फा उसाचे फड दिसतात, आणि चौकाचौकांत फ्लेक्सचे फलकही दिसतात. वाढदिवस, यात्रा व अभिनंदन यांच्या गर्दीत शेतीविषयक सूचनेचा फलकही आता गावोगाव लागू लागला आहे. पूर्वी हे काम पेंटर हाताने करीत असे. आता ते संगणकावर होते, आणि थोड्या सरावाने गावपातळीवरील कार्यकर्त्यास किंवा गावातील शिकलेल्या तरुणास ते स्वतः करता येते.

त्यासाठी छायाचित्र-संपादनाच्या सॉफ्टवेअरमधील दोन सोयी नीट समजून घेणे अगत्याचे आहे. पहिली सोय म्हणजे थरावर चढविता येणारे परिणाम, ज्यांना लेअर इफेक्ट म्हणतात. दुसरी सोय म्हणजे केव्हाही दुरुस्त करता येणारा मजकूर. या सोयींचा विचार येथे केवळ शोभेसाठी केलेला नाही. अभिनंदनाच्या फलकावर एखादे अक्षर चुकले तर लोक हसतील आणि विसरतील. शेतीच्या फलकावर औषधाचे नाव किंवा प्रमाण चुकले तर पिकाची हानी होईल, आणि फवारणी करणाऱ्या माणसाच्या जिवासही अपाय होऊ शकेल.

जुन्या फलकातील धोका

हुमणीचे उदाहरण घेऊ. उसाच्या मुळ्या खाणारी ही अळी आपल्या शेतकऱ्यांस चांगलीच परिचित आहे. वळवाचा किंवा मोसमी पावसाचा पहिला चांगला सडाका झाला की जमिनीतील भुंगेरे तिन्हीसांजेस बाहेर पडतात व कडुनिंब, बाभूळ, बोर अशा झाडांवर गोळा होतात. पुढे मादी जमिनीत अंडी घालते. अळीच्या तीन अवस्था असून तिसरी अवस्था सर्वांत खादाड असते. पावसाळ्याच्या उत्तरार्धात उसाची बेटे पिवळी पडू लागतात व हाताने ओढताच उपटून येतात, तेव्हा नुकसान होऊन गेलेले असते. यास्तव भुंगेरे गोळा करण्याची सूचना पहिल्या पावसाच्या आधीच फलकावर लागली पाहिजे.

या किडीसाठी पूर्वी फोरेट हे दाणेदार कीटकनाशक जमिनीत टाकण्याचा प्रघात होता. ते अत्यंत विषारी आहे. केंद्र शासनाने ऑगस्ट २०१८ मध्ये काढलेल्या आदेशान्वये अठरा कीडनाशकांवर बंदी घातली. त्यांपैकी बारा तत्काळ बंद झाली, आणि फोरेट धरून उरलेली सहा ३१ डिसेंबर २०२० पासून बंद झाली. म्हणजे २०२० पूर्वी तयार केलेल्या हुमणीच्या ज्या फलकावर फोरेटचे नाव आहे, तो फलक आज जसाच्या तसा पुन्हा लावणे बेकायदेशीर सल्ला देण्यासारखे आहे.

आता समजा, जुना फलक पुन्हा छापावयाचा आहे, परंतु आपल्यापाशी त्याचे केवळ चित्र उरले आहे. त्यातील मजकूर छायाचित्राशी एकजीव झाला आहे. अशा वेळी घाईत असलेला मनुष्य दोनपैकी एक गोष्ट करतो. एक तर फोरेटच्या नावावर रंगाची पट्टी ओढतो व तिच्यावर वेगळ्याच वळणाच्या अक्षरांत काहीतरी लिहितो, किंवा ‘एवढ्याने काय होते’ असे म्हणून जुनेच छापावयास देतो. दोन्ही प्रकार टाळता येतात. मात्र त्यासाठी काळजी फलक प्रथम तयार करतानाच घ्यावी लागते.

थर म्हणजे काय

काचेची चार-पाच तावदाने एकावर एक ठेवली आहेत अशी कल्पना करा. सर्वांत खालच्या काचेवर उसाच्या फडाचे छायाचित्र आहे. तिच्यावरील काचेवर रंगीत पट्टी आहे. त्यावरच्या काचेवर शीर्षक, आणखी वर गावाचे नाव आणि सर्वांत वर तारीख आहे. वरून पाहिले असता सर्व मिळून एकच चित्र दिसते, परंतु तारखेची काच काढून दुसरी ठेवली तरी खालच्या छायाचित्रास धक्का लागत नाही. या प्रत्येक काचेस लेअर म्हणजे थर म्हणतात. थरांच्या यादीत प्रत्येक थरापुढे डोळ्याचे चिन्ह असते. ते दाबले की तो थर दिसेनासा होतो, पुन्हा दाबले की दिसू लागतो.

फोटोशॉप हे सॉफ्टवेअर १९९० साली बाजारात आले. त्यात थरांची सोय १९९४ साली तिसऱ्या आवृत्तीत झाली. थरांवरील परिणाम आणि नंतरही दुरुस्त करता येणारा मजकूर या दोन्ही सोयी १९९८ साली पाचव्या आवृत्तीत आल्या. तत्पूर्वी एकदा उमटविलेले अक्षर चित्राचाच भाग होऊन जाई, आणि चूक झाल्यास सर्व पुन्हा लिहावे लागे.

खडूचे अक्षर आणि दगडावरचे अक्षर

शाळेच्या फळ्यावर खडूने लिहिलेले अक्षर पुसून पुन्हा लिहिता येते. दगडावर कोरलेले अक्षर तसे बदलता येत नाही. टाइप टूलने लिहिलेला मजकूर, तो मजकूर म्हणून आहे तोवर, फळ्यावरच्या अक्षरासारखा असतो. त्या थराच्या चिन्हावर दोनदा दाबले की अक्षरे निवडली जातात व नवी लिहिता येतात. परंतु ‘रास्टराइज’ ही आज्ञा दिली, किंवा सर्व थर एकत्र करणारी ‘फ्लॅटन’ ही आज्ञा दिली, की तीच अक्षरे दगडावर कोरल्यासारखी होतात. ती मग अक्षरे उरत नाहीत, रंगाचे ठिपके होतात.

ही चूक बहुधा नकळत होते. मजकुराच्या थरावर ब्रश चालवावयाचा असेल, किंवा एखादा फिल्टर लावावयाचा असेल, तर सॉफ्टवेअर विचारते की, मजकूर रास्टराइज करावयाचा काय? घाईत ‘होय’ म्हटले जाते. अशा वेळी थांबावे. अक्षरांस कडा, सावली किंवा उजाळा हवा असेल तर त्यासाठी फिल्टरची वा ब्रशची गरजच नाही. ते काम थरावरील परिणाम करतात.

परिणाम हे अक्षराचे वस्त्र आहे

थराच्या नावाच्या उजवीकडील रिकाम्या जागेवर दोनदा दाबले की लेअर स्टाइलची खिडकी उघडते. तेथे निवडलेला परिणाम अक्षराच्या अंगावर घातलेल्या सदऱ्यासारखा असतो. आतील अक्षर बदलले तरी सदरा तोच राहतो व नव्या अक्षराच्या मापाचा होतो. ‘राहू’ पुसून ‘पारगाव’ लिहिले की काळी कडा आपोआप ‘पारगाव’ या अक्षरांभोवती बसते. या दोन सोयींचा जोड येथे दिसून येतो. परिणाम वेगळा राहतो म्हणून मजकूर मोकळा राहतो.

शेतीच्या फलकास पुढील परिणाम पुरेसे आहेत.

स्ट्रोक म्हणजे कडा. छायाचित्रावर अक्षरे उठून दिसत नसतील तर हा परिणाम द्यावा. कडेची जागा ‘आउटसाइड’, म्हणजे अक्षराच्या बाहेर, अशी ठेवावी. ‘इनसाइड’ ठेवल्यास कडा अक्षराचाच गाभा खाते.

ड्रॉप शॅडो म्हणजे सावली. ती थोडी व एकाच दिशेस असावी. ‘ग्लोबल लाइट’ ही खूण चालू ठेवल्यास सर्व थरांची सावली एकाच बाजूस पडते.

आउटर ग्लो म्हणजे अक्षराभोवतीचा उजाळा. गडद पार्श्वभूमीवर क्वचित उपयोगी पडतो.

बेव्हेल, म्हणजे अक्षर फुगीर दाखविणारा परिणाम, शक्यतो वापरू नये. दुरून तो अक्षराची कड अस्पष्ट करतो.

एका शीर्षकास दिलेले परिणाम दुसऱ्या थरास द्यावयाचे असल्यास पहिल्या थरावर उजवे बटण दाबून ‘कॉपी लेअर स्टाइल’ व दुसऱ्यावर ‘पेस्ट लेअर स्टाइल’ करावे. प्रत्येक थरास पुन्हा मापे देत बसू नये.

देवनागरीची विशेष काळजी

इंग्रजी अक्षरांसाठी सांगितलेले नियम आपल्या लिपीस जसेच्या तसे लागू पडत नाहीत. पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात.

१. अक्षरांतील अंतर शून्य ठेवावे. ते वाढविल्यास शिरोरेषा तुटते व शब्द विस्कळीत दिसतो.

२. कडा बेताची ठेवावी. ‘ध’ आणि ‘भ’ यांच्या शिरोरेषेत खंड असतो. जाड कडेने तो खंड बुजला की दुरून ‘ध’ चा ‘घ’ व ‘भ’ चा ‘म’ होतो. ‘ब’ व ‘ष’ यांच्या पोटातील तिरपी रेघ बुजली की तेथे ‘व’ आणि ‘प’ वाचले जातात.

३. दोन ओळींत भरपूर अंतर ठेवावे. वरच्या ओळीचे उकार व खालच्या ओळीच्या मात्रा, वेलांट्या व रफार यांची गाठ पडू नये. कडा दिल्यावर हे अंतर पुन्हा तपासावे.

४. युनिकोड फॉन्ट वापरावा. मुक्ता, बालू, नोटो सान्स देवनागरी हे फॉन्ट विनामूल्य मिळतात. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये लिहिलेला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडला की अर्थहीन रोमन अक्षरे दिसतात, आणि मजकूर दुरुस्त होण्याजोगा असूनही दुरुस्त करता येत नाही.

५. फोटोशॉपच्या काही जुन्या आवृत्त्यांत पहिली वेलांटी व जोडाक्षरे मोडतात. तेथे टाइपच्या पसंतीत ‘मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन’ हा पर्याय निवडून फाइल नव्याने सुरू करावी. कसोटीसाठी ‘शेतकऱ्यांनी’ हा एकच शब्द लिहून पाहावा. तो नीट उमटला तर बहुतेक सर्व मजकूर नीट उमटेल.

दशांश चिन्हाविषयी इशारा

मक्यावरील अमेरिकन लष्करी अळी २०१८ साली भारतात प्रथम कर्नाटकात आढळली व त्याच वर्षी महाराष्ट्रात पोहोचली. तिच्यासाठी सुचविलेल्या औषधांपैकी इमामेक्टिन बेंझोएट ५ टक्के एसजी याचे प्रमाण एक लिटर पाण्यास ०.४ ग्रॅम असे आहे. हा आकडा फलकावर जाड कडा व सावली देऊन लिहिला तर काय होईल ते पाहा. देवनागरी शून्य लहान व दशांश चिन्ह त्याहून लहान. कडेने चिन्ह गिळले व सावलीने शून्य पुसट केले की वाचणारास केवळ ‘४ ग्रॅम’ दिसेल. औषध दहापट पडेल.

यावर उपाय सोपा आहे. फलकावर दशांश लिहूच नये. ‘१० लिटर पाण्यास ४ ग्रॅम, १५ लिटरच्या पंपास ६ ग्रॅम’ असे लिहावे. शेतकरी बंधूंस पंपाचेच माप हवे असते. शिवाय प्रमाणाच्या ओळीस कोणताही परिणाम देऊ नये. तिच्यासाठी पांढरी पट्टी व काळी अक्षरे हीच उत्तम. फलक छापण्यापूर्वी औषधाचे नाव व प्रमाण त्या वर्षीच्या शिफारशीशी व डब्यावरील लेबलाशी अवश्य ताडून पाहावे.

प्रत्यक्ष कृती

आता हुमणी मोहिमेचा सहा फूट रुंद व चार फूट उंच फलक तयार करू.

पहिली पायरी. मजकूर आधी कागदावर लिहावा व तालुका कृषी अधिकाऱ्यांच्या कार्यालयातून तपासून घ्यावा. नमुना असा: शीर्षक, ‘हुमणीचे भुंगेरे गोळा करा’. खाली, ‘पहिल्या चांगल्या पावसानंतर रोज तिन्हीसांजेस कडुनिंब व बाभळीच्या फांद्या हलवा. खाली पडलेले भुंगेरे रॉकेलमिश्रित पाण्यात टाका. सर्व गावाने एकाच वेळी करा.’ तळाशी किसान कॉल सेंटरचा क्रमांक १८००-१८०-१५५१.

दुसरी पायरी. नवी फाइल घ्यावी. फ्लेक्ससाठी दर इंचास ७२ ठिपके ही घनता चालते. त्या हिशेबाने रुंदी ५१८४ व उंची ३४५६ ठिपके होते.

तिसरी पायरी. प्रत्येक बाब वेगळ्या थरावर ठेवावी व थरास मराठीत नाव द्यावे: छायाचित्र, पट्टी, शीर्षक, कृती, गावाचे नाव, सभेची तारीख, संपर्क. जे बदलण्याचा संभव आहे ते कधीही एकाच थरावर एकत्र लिहू नये. गावाचे नाव व तारीख दरवेळी बदलतात, कृती क्वचित बदलते.

चौथी पायरी. शीर्षकास पिवळा रंग, काळी बाहेरची कडा व हलकी सावली द्यावी. तोच परिणाम गावाच्या नावास चिकटवावा. इतर ओळी साध्या ठेवाव्यात.

पाचवी पायरी. फलक लहान करून ए-फोर कागदाच्या पूर्ण रुंदीवर छापावा. सहा फुटांच्या फलकाचा तो साधारण सहावा हिस्सा होतो. म्हणून हा कागद दहा फुटांवरून जसा दिसतो तसा खरा फलक साठ फुटांवरून दिसेल. गावातील एखाद्या वडीलधाऱ्या माणसास दहा फुटांवर उभे करून तो मोठ्याने वाचावयास सांगावा. जेथे ते अडखळतील तेथे परिणाम कमी करावा. त्यांच्या नजरेस दोष देऊ नये.

सहावी पायरी. मोबाइलवर पाठविण्यासाठी लहान प्रत हवी असल्यास फाइलची नक्कल घेऊन ‘इमेज साइज’ ने लहान करावी व त्या वेळी ‘स्केल स्टाइल्स’ ही खूण चालू ठेवावी. नाहीतर अक्षरे लहान होतात पण कडा पूर्वीइतकीच जाड राहते, आणि अक्षरे बुजून जातात.

बियाणे राखून ठेवा

कोणताही जाणता शेतकरी सगळे धान्य दळून टाकीत नाही. पुढील पेरणीचे बियाणे तो आधी बाजूस काढतो. थरांसह जतन केलेली मूळ फाइल, म्हणजे पीएसडी, हे आपले बियाणे होय. छापखान्यास द्यावयाची जेपीजी किंवा टिफ ही प्रत म्हणजे पीठ. पिठाची भाकरी होते, पण पीठ पेरता येत नाही.

यास्तव फ्लॅटन करावयाचे ते नेहमी नकलेवर करावे, मूळ फाइलवर कधीही करू नये. मूळ फाइलच्या नावात विषय, तालुका, वर्ष व ‘मूळ’ हा शब्द असावा. वापरलेल्या फॉन्टच्या फाइली त्याच फोल्डरमध्ये ठेवाव्यात. एक प्रत ग्रामपंचायतीच्या संगणकावर व एक पेनड्राइव्हवर असावी. फलक बाहेरच्या दुकानातून करून घेतला असेल तर पैसे देतानाच थरांची मूळ फाइल मागून घ्यावी. पुढील वर्षी ती मिळेलच असे नाही. कार्यकर्त्याची बदली होते, दुकान बंद पडते, संगणक बिघडतो, परंतु हुमणी दरवर्षी येते.

कोणते सॉफ्टवेअर घ्यावे

फोटोशॉप विकत घेणे सर्वांस परवडणारे नाही. गिंप हे सॉफ्टवेअर विनामूल्य आहे. त्याच्या जुन्या आवृत्त्यांत सावलीसारखा परिणाम दिला की तो कायमचा होई. मार्च २०२५ मध्ये निघालेल्या तिसऱ्या आवृत्तीपासून असे परिणाम थरावर वेगळे राहतात व पुढे बदलता येतात. फोटोपी हे साधन इंटरनेटच्या ब्राउझरमध्ये चालते व पीएसडी फाइल उघडते. साधन कोणतेही असो, कसोटी एकच आहे. फाइल बंद करून पुन्हा उघडावी आणि गावाचे नाव बदलून पाहावे. ते बदलले व कडा टिकली, तर काम बरोबर झाले.

सराव

१. ‘धान्य’, ‘भुंगेरे’ व ‘विषबाधा’ हे शब्द लिहून कडा हळूहळू वाढवा. कोणते अक्षर केव्हा वाचेनासे होते याची नोंद घ्या.

२. वरील फलक एका गावासाठी करा. नंतर केवळ गावाचे नाव व तारीख बदलून आणखी चार गावांसाठी करा. लागलेला वेळ मोजा.

३. आपल्या कार्यालयातील किंवा सोसायटीतील जुने शेती-फलक पाहा. त्यांवर आज बंदी असलेल्या औषधाचे नाव असल्यास तो फलक उतरवा.

फलकावर छापलेला शब्द शेतकरी खरा मानून चालतो. तो उधारीवर औषध आणतो आणि त्या शब्दावर विसंबून स्वतःच्या हाताने शेतात टाकतो. म्हणून फलक तयार करणाराने दोन गोष्टी मनाशी पक्क्या कराव्यात. परिणाम अक्षर वाचता यावे एवढ्यापुरताच द्यावा, आणि मजकूर चूक कळताच दुरुस्त करता येईल असा ठेवावा.